मुलांसाठी पहिला फिशिंग रॉड: कोणता घ्यावा, काय तपासून घ्यावं?

शेवाळ
मुलगी ७ वर्षांची आहे, उंची ११८ सेंटिमीटर, डावखुरी. तळ्याच्या काठावरून फ्लोट (मासा लागल्याची खूण दाखवणारा तरंगता तुकडा) लावून बोटभर ते वीतभर मासे पकडायचे आणि बहुतेक परत सोडायचे, एवढाच बेत. कार्टूनची चित्रं असलेले तयार संच मिळतात, त्यात रॉड, रील, तंगूस सगळं आलेलं असतं. तेच घ्यावं का? लांबी किती असावी, रील बटणाचं की उघडं, फायबरग्लास की कार्बन, आणि डावखुरेपणामुळे काही वेगळं बघावं लागतं का? जाणकारांनी कृपया तपशिलात सांगा.

खंड्या
त्या संचांमध्ये चित्रांनी काही बिघडत नाही, बिघडतं ते लांबीने. बरेचसे रॉड अडीच-तीन फुटांचे असतात. एवढ्या आखूड काठीला वाकायला जागाच नसते. छोटा मासा ओढायला लागला तरी टोक ढिम्म, त्यामुळे मुलाच्या हाताला काही कळत नाही. शिवाय मनगटाने हिसका दिल्यावर टोक जेमतेम हातभर सरकतं. पाण्यावर तंगूस थोडा सैल पडलेला असेल तर तो ताणला जाईपर्यंतच हिसका संपतो आणि गळ माशाच्या तोंडात रुततच नाही. मूल म्हणतं मासा लागत नाही, आपण म्हणतो जागा वाईट आहे.

लांबीसाठी सोपा हिशोब असा: मुलाची उंची अधिक एक ते दीड फूट. तुमच्या मुलीला ५ फुटी रॉड बरोबर बसेल. चार-पाच वर्षांच्या मुलाला ४ ते साडेचार फूट, नऊ-दहाच्या आसपास साडेपाच, बारा वर्षांच्या मुलाला ६ फूट. 'वाढत्या अंगाचं' म्हणून कपडे घेतात तसा रॉड घेऊ नका. लांब काठीचं टोक जड लागतं, मूल दोन्ही हातांनी ती पोटाशी धरतं आणि मग फेकायला हात उरत नाही.

लांबीइतकंच मुठीच्या मागच्या दांड्याकडे बघा. रील जिथे बसतं तिथपासून मागच्या टोकापर्यंतचं अंतर मुलीच्या मनगटापासून कोपरापर्यंतच्या अंतराहून जास्त नको. जास्त असलं की फेकताना तो दांडा पोटात टोचतो, सदऱ्यात अडकतो, आणि सगळी फेक वाकडी जाते. हे कागदावर लिहिलेलं नसतं, त्यामुळे मुलीला सोबत नेऊन तिच्या हातात देऊनच बघावं लागतं.

मुठीच्या जरा वर बारीक अक्षरांत माहिती छापलेली असते. ताकदीसाठी 'यूएल' म्हणजे अल्ट्रालाइट किंवा 'एल' म्हणजे लाइट घ्या. तंगुसाची क्षमता २ ते ६ किंवा ४ ते ८ पौंड, आणि फेकायचं वजन साधारण २ ते ७ ग्रॅम. वजन औंसात दिलं असेल तर पाव औंस म्हणजे ७ ग्रॅम. या आकड्यांकडे दुर्लक्ष करू नका, कारण १० ग्रॅमच्या पुढचाच रॉड घेतला तर तुमचा २ ग्रॅमचा फ्लोट त्याला वाकवूच शकणार नाही. रॉड वाकला नाही तर फेक जात नाही. मूल मग अंगाचा जोर लावतं आणि जोर लावला की गळ कुठे जाईल याचा भरवसा नाही.

ढोकरी
फायबरग्लास. यात फार विचार करण्यासारखं नाही.

कार्बन हलका आणि संवेदनशील असतो हे खरं, पण तो ठिसूळही असतो. दगडावर आपटला, कोणाचा पाय पडला, गाडीच्या दारात सापडला, की बारीक चरा पडतो. तो चरा दिसत नाही आणि पुढच्या माशाला काठी तिथेच मोडते. मुलं आणखी एक गोष्ट हमखास करतात: मासा काठाशी आला की रॉड सरळ आभाळाकडे उभा करून त्याला उचलू बघतात. अशा वेळी सगळा भार टोकाच्या शेवटच्या वीतभर भागावर येतो आणि कार्बन तिथे कट्कन तुटतो. फायबरग्लास नुसता वाकतो. वजन थोडं जास्त असतं, पण ५ फुटांत तो फरक जाणवत नाही. टोक भरीव फायबरग्लासचं असेल तर उत्तमच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कार्बनमधून वीज वाहते. वरून विजेच्या तारा गेल्या असतील त्या जागी कोणताही रॉड उभा करायचा नाही, आणि ओली काठी तर कशाचीही असो, सुरक्षित धरू नका. आभाळ गडगडायला लागलं की रॉड जमिनीवर आडवा ठेवून तिथून निघायचं.

घेताना एवढं तपासा. रॉडवर तंगूस ओवायच्या कड्या असतात, कापसाचा छोटा बोळा त्यातल्या प्रत्येक कडीच्या आतून फिरवा. कुठे धागा अडकला तर आतल्या सिरॅमिक वळ्याला तडा आहे. असा तडा तंगूस तासतो आणि तो दर वेळी एकाच ठिकाणी का तुटतो हे कळत नाही. मग रॉड डोळ्यासमोर धरून सगळ्या कड्या एका रेषेत आहेत का ते पाहा. रील बसवून चकती आवळल्यावर रील डुगडुगता कामा नये. शेवटी रील लावलेला रॉड रीलच्या जरा पुढे एका बोटावर तोलून बघा. टोक खाली झुकत असेल तर मुलीचं मनगट पंधरा मिनिटांत दुखायला लागेल.

टेलिस्कोपिक रॉड सामानात मावतो म्हणून मोह होतो, पण रीलसकट पहिला रॉड म्हणून टाळा. त्याचे भाग फेकताना आत घसरतात, कड्या फिरून वाकड्या होतात, आणि वाळूचा एक कण सांध्यात गेला की काठी ना उघडत ना मिटत. दोन तुकड्यांचा घ्या.

कैकर
मी वेगळं सुचवतो. ७ वर्षांच्या मुलीला रील कशाला हवं? तुम्हीच म्हणता काठावरून, फ्लोट लावून, लहान मासे. त्या कामाला बिनरीलची लांब काठी सगळ्यात नेमकी. अडीच ते ३ मीटरची हलकी काठी. वेळूची सरळ, वाळलेली चालेल किंवा टेलिस्कोपिक पोल घ्या. वर ढोकरींनी सांगितलेला धोका इथे कमी होतो, कारण पोलला कड्याच नसतात आणि जोराने फेकायचंही नसतं. फक्त मिटताना प्रत्येक भाग पुसून घ्यायचा.

टोकाला वेणीदार दोरीचा छोटा तुकडा चिकटवलेला असतो, त्याला तंगुसाचा फास अडकवायचा. तंगूस काठीपेक्षा वीतभर आखूड ठेवा. काठी उभी धरली की गळ झुलत थेट मुलीच्या हातात, छातीच्या उंचीवर येतो. तंगूस काठीपेक्षा लांब ठेवला की गळ पाठीमागे जातो, झुडपात नाहीतर शेजाऱ्याच्या टोपीत. बहुतेक लोक नेमकं इथेच चुकतात.

मुख्य तंगूस ०.१८ मिलिमीटर, गळाजवळचा शेवटचा वीतभर तुकडा ०.१४. रील नसल्यामुळे मोठा मासा लागला तर तंगूस सोडता येत नाही, म्हणून तुटायचं तर तो बारीक तुकडाच तुटावा. फ्लोट वाचतो, काठी वाचते.

रीलवर मूल पहिला तास गुंता सोडवण्यात घालवतं. पोलवर पहिल्या पाच मिनिटांत गळ पाण्यात असतो. शिकायचं असतं ते फ्लोट वाचायला, आणि ते पोलवरच नीट शिकता येतं.

खंड्या
कैकर, मासे काठाशी असतील तोवर तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण काठालगत शेवाळ आणि बेशरमीची दाटी असेल आणि मोकळं पाणी पाच-सहा मीटरवर सुरू होत असेल, तर ३ मीटरची काठी तिथे पोचतच नाही. पाच मीटरची ७ वर्षांच्या मुलीला पेलत नाही. शेवाळ, तुमच्या तळ्याचा काठ कसा आहे त्यावर हे ठरेल.

शेवाळ
काठ मोकळा आहे, पण पहिले दोन-तीन मीटर पाणी गुडघ्याएवढंच. खोली चार-पाच मीटरवर सुरू होते, तिथे पाणी साधारण एक ते सव्वा मीटर असेल. म्हणजे रील लागेल असं दिसतंय. मग कोणतं?

पाणकावळा
बटणाचं, म्हणजे स्पिनकास्ट. आणि डावखुरेपणाची काळजी करू नका, इथे तो फायद्याचाच आहे.

बटणाची बहुतेक रीलं उजव्या बाजूला हँडल असलेली येतात. उजवं मूल उजव्या हाताने फेकतं, मग रॉड डाव्या हातात घेऊन उजव्याने गुंडाळायला लागतं. हात बदलण्याच्या त्या दोन सेकंदांत तंगूस सैल पडतो. तुमची मुलगी डाव्या हाताने फेकेल, डाव्या अंगठ्याने बटण दाबेल, आणि उजवा हात आधीपासून हँडलवर असेल. हात बदलायची गरजच नाही. हँडल बाजू बदलणारं रील शोधत बसू नका.

रॉडही त्याच जातीचा हवा, हे दुकानदार नेहमी सांगत नाहीत. बटणाचं रील रॉडच्या वर बसतं, कड्याही वर असतात आणि लहान असतात. उघडं रील रॉडखाली लटकतं आणि त्याची पहिली कडी मोठी असते, कारण तंगूस त्यातून मोठी वेटोळी घेत सुटतो. लहान कड्यांच्या रॉडवर उघडं रील लावलं तर ती वेटोळी पहिल्याच कडीत कोंडतात आणि फेक निम्म्यावर येते.

फेक शिकवताना गळ नको. टोकाला ५ ते ७ ग्रॅमचं रबरी वजन बांधा आणि मोकळ्या गवतावर पाच-सहा मीटरवर टोपलं ठेवा. वजन टोकापासून वीतभर लोंबत ठेवायचं. बटण दाबून दाबूनच ठेवायचं, रॉड खांद्याच्या जरा मागेपर्यंत न्यायचा, सावकाश पुढे आणायचा, आणि टोक नजरेसमोर येताच अंगठा उचलायचा. मग हँडल अर्धा फेरा फिरवलं की 'टक्' आवाज येतो, म्हणजे आतली खिटी पुन्हा तंगुसाला धरते. तो आवाज ऐकल्याशिवाय पुढचं काही करायचं नाही, हे मुलीला पहिल्या दिवशी सांगा.

वजन आभाळात गेलं तर अंगठा लवकर उचलला. पायाशी आपटलं तर उशिरा. गेलंच नाही तर बहुतेक वेळा मुलाने पुढे आणताना बटण *दाबलेलं* असतं, सोडलेलं नसतं. या तीन चुकांपलीकडे फारसं काही चुकत नाही.

ढोकरी
बटणाच्या रीलचा दोष मात्र सांगायला हवा. तंगूस टोपणाखाली असतो, त्यामुळे आत काय चाललंय ते दिसत नाही. सैल तंगूस गुंडाळला गेला की त्याचे वेढे फिरकीच्या मागे दांड्यावर जाऊन बसतात. खूण अशी: हँडल अचानक जड फिरतं किंवा फेकल्यावर तंगूस मीटरभर जाऊन थांबतो. अशा वेळी ओढाताण केली की गाठ पक्की होते. पुढचं टोपण पाव फेरा फिरवून काढा, मागे गेलेले वेढे बोटाने सोडवा, चुरगळलेला भाग कापून टाका. टाळण्यासाठी गुंडाळताना रीलच्या पुढे तंगूस दोन बोटांच्या चिमटीतून जाऊ द्यायचा, म्हणजे तो ताणाखाली बसतो.

आठ-नऊ वर्षांच्या पुढच्या मुलाला मी सरळ उघडं रीलच सुचवेन. १००० आकाराचं, त्याहून मोठं नको. परीक्षा सोपी आहे: मुलाने रीलचा दांडा मधल्या आणि अनामिका बोटांच्या मध्ये घेऊन मूठ धरली, की तर्जनीचं पहिलं पेर फिरकीच्या कडेला टेकलं पाहिजे. टेकत नसेल तर तंगूस बोटावर धरताच येणार नाही आणि मूल फेकताना दुसरा हात वापरू लागेल. ७ वर्षांच्या बहुतेक हातांना १००० सुद्धा जेमतेम पोचतं, म्हणून इथे पाणकावळ्यांशी सहमत.

खंड्या
रील ठरलं असेल तर आता तंगुसाकडे या. माझ्या मते पहिल्या संचात सगळ्यात जास्त लक्ष द्यायची गोष्ट हीच आहे, आणि तिच्याकडेच कोणी बघत नाही. रीलवर आधीच भरून आलेला तंगूस काढून टाका. तो महिनोन् महिने लहान फिरकीवर बसून स्प्रिंग झालेला असतो. काठावर मूल रॉड खाली धरतं आणि ती वेटोळी टोकाच्या कडीभोवती गुंडाळतात. लक्षात न येता गुंडाळायला लागलं की टोक तुटतं.

४ ते ६ पौंडांचा मऊ मोनोफिलामेंट, म्हणजे एकसंध धाग्याचा तंगूस घ्या, जाडी ०.२० ते ०.२४ मिलिमीटर. विणलेला ब्रेड मुलांना नको. तो बारीक असूनही तुटत नाही, आणि अडकलेला गळ हाताने ओढताना बोट कापतो. भरताना ओल्या फडक्यातून ताण देऊन भरा. उघड्या रीलवर कडेपासून २ ते ३ मिलिमीटर जागा सोडा. काठोकाठ भरलं की एकदम चार वेढे सुटतात आणि हवेतच गुंता होतो. ऊन तंगुसाला कुजवतं, म्हणून हंगामाला एकदा बदला.

ड्रॅग म्हणजे मासा किती जोराने ओढल्यावर रीलने तंगूस सोडायचा ती मर्यादा. ती तंगुसाच्या ताकदीच्या पाव ते तृतीयांश इतकी लावायची. ६ पौंड म्हणजे २.७ किलो, त्याचा पाव म्हणजे ७०० ग्रॅमच्या आसपास. घरी मापायची सोपी रीत: लिटरच्या बाटलीत ७०० मिली पाणी भरा, तंगूस बाटलीच्या गळ्याला बांधा, रील रॉडवरून काढून हातात धरा आणि सरळ वर उचला. बाटली जमिनीवरून सुटते-न-सुटते तोच रील करकरून तंगूस सोडायला लागलं, की झालं. बाटली सहज वर आली तर ड्रॅग सैल करा. बटणाच्या रीलवर ड्रॅगची चकती वर किंवा बाजूला असते.

ड्रॅग करकरत असताना हँडल फिरवायचं नाही, हे मुलीला सांगायलाच हवं. मासा तंगूस ओढून नेत असताना गुंडाळत राहिलं की तंगूस आत येत नाही, फक्त पीळ भरतो. गिअर ५:१ असेल तर हँडलच्या एका फेऱ्याला जवळजवळ पाच पीळ. मासा थांबला की गुंडाळ, ओढायला लागला की हात थांबव. मुलं हे पटकन शिकतात, कारण तो आवाज त्यांना आवडतो.

शेवाळ
बटणाचं रील, ५ फुटी फायबरग्लास आणि नवीन तंगूस घेते. एक शंका: पाणी सव्वा मीटर खोल आहे, म्हणजे फ्लोटखाली मीटरभर तंगूस लोंबणार. दीड मीटरच्या रॉडवर ते मुलीला फेकता येईल?

कैकर
नाही येणार, आणि बरं झालं विचारलंत. फ्लोटखालचा तंगूस रॉडच्या लांबीच्या निम्म्याहून जास्त झाला की मुलाला तो आवरत नाही. त्यासाठी सरकता फ्लोट लावा. तंगुसावर हव्या त्या खोलीवर जाड दोऱ्याची घट्ट गाठ मारा, तिच्याखाली बारीक मणी, मग फ्लोट, मग वजन, मग गळ. गाठ कडीतून आत रीलवर जाते, त्यामुळे फेकताना फ्लोट वजनाजवळ येऊन बसतो आणि जेमतेम दीड वीत लोंबतं. पाण्यात पडल्यावर वजन खाली जातं आणि फ्लोट गाठीपर्यंत वर सरकतो. मण्याचं भोक गाठीहून लहान हवं, नाहीतर फ्लोट गाठ ओलांडून जातो.

फ्लोट बारीक, उभट घ्या. तो लाल-पांढरा चेंडूसारखा दिसायला छान, पण त्याला बुडवायला जोर लागतो. लहान मासा तो विरोध जाणवून आमिष थुंकतो. वजन बादलीत बसवून बघा, वरचं रंगीत टोक फक्त एका पेराएवढं पाण्याबाहेर दिसायला हवं. वजनाचे बरेचसे गोळे एकत्र आणि सगळ्यात लहान गोळा गळापासून चार-सहा बोटं वर. तो लहान गोळाच मुलीला मासा दाखवतो: फ्लोट बुडाला तर मासा आमिष घेऊन चालला, आणि फ्लोट उलट *वर* आला तर माशाने आमिषासकट गोळा उचलला. दोन्ही वेळा मनगटानेच हलका झटका, हात वर फेकायचा नाही.

गोळे शिशाचे घेऊ नका. मुलं ते दातांनी चिमटतात आणि शिसं विषारी आहे. पाणपक्षीही तळातले गोळे खडे समजून गिळतात. ब्रिटनमध्ये राजहंस असे मरू लागल्यामुळे ०.०६ ते २८.३५ ग्रॅमपर्यंतच्या शिशाच्या वजनांची विक्री १९८७मध्ये बंद झाली. कथलाचे किंवा टंगस्टनचे गोळे मिळतात.

गळ १० किंवा १२ नंबरचा. नंबर वाढतो तसा गळ लहान होतो, इथे बरेच जण उलटं समजतात. लांब दांड्याचा, एकेरी, आणि त्याची उलटी नांगी पक्कडीने दाबून सपाट केलेली. नांगी दाबली तर मासा सुटेल ही भीती अनाठायी आहे. तंगूस ताणलेला राहिला तर सुटत नाही, आणि परत सोडायचा मासा इजा न होता सुटतो. तोच गळ बोटात गेला तरी आला तसा बाहेर येतो, हे त्याहून मोठं.

गाठ साधी: तंगूस गळाच्या डोळ्यातून ओवा, स्वतःभोवती पाच-सहा पीळ द्या, टोक डोळ्याजवळच्या फटीतून आणि मग तयार झालेल्या मोठ्या फासातून काढा, ओलं करा आणि सावकाश आवळा. कोरडी आवळली तर घर्षणाने तंगूस तापतो आणि गाठीतच कमजोर होतो.

ढोकरी
पाण्याशी जाताना मुलीच्या डोळ्यावर चष्मा आणि डोक्यावर टोपी, फेक कोणाचीही असो. लाइफ जॅकेट काठावरसुद्धा. फेकण्याआधी मागे बघून 'फेकते' असं मोठ्याने म्हणायची सवय लावा. तुम्ही तिच्या फेकणाऱ्या हाताच्या बाजूला उभ्या राहू नका. डावखुरी आहे म्हणजे तुमची जागा तिच्या उजवीकडे, जरा मागे. एका वेळी अर्धा-पाऊण तास पुरे. मासा धरताना हात ओले करायला सांगा, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडलेला मासा आजारी पडतो.

शेवाळ
खूप आभार. शेवटचं: चालताना गळ कुठे अडकवायचा? आणि दोन तुकडे घट्ट बसले तर कसे सोडवायचे?

पाणकावळा
मुठीच्या वर एक छोटी तारेची कडी असते, ती त्यासाठीच. नसेल तर तंगुसाच्या कडीच्या *पायाला*, म्हणजे धातूच्या चौकटीला अडकवा. आतल्या सिरॅमिक वळ्यात कधीच नको, ढोकरींनी कापसाने शोधायला सांगितलेला तडा तिथूनच सुरू होतो. मग रील अर्धा फेरा फिरवून तंगूस नुसता ताठ करा. टोक वाकेल इतका ओढू नका.

जोडताना दोन तुकड्यांच्या कड्या एकमेकींपासून पाव फेरा बाजूला ठेवून आत सरकवा आणि शेवटी फिरवून रेषेत आणा. काढताना उलट, थोडं फिरवून सरळ ओढा. कड्यांना धरून पीळ देऊ नका, त्या उखडतात. सांधा खूपच घट्ट असेल तर रॉड गुडघ्यांच्या मागे आडवा घ्या, दोन्ही हात सांध्याच्या दोन्ही बाजूंना धरा आणि गुडघे हळूहळू फाकवा. ओढ दोन्हीकडे सारखी जाते, काठी वाकत नाही. परत जोडण्याआधी आतल्या टोकावर मेणबत्ती एकदा फिरवा.